भाडेपट्ट्यातील ‘जबाबदारी’ : पावसाळी निगेच्या संदर्भात एक भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

भाड्याच्या घरावर आकाशातून जे पडते ते दूर कोणी करावे, हा प्रश्न जगातील अनेक समाजांना सोडवावा लागला आहे. हिमप्रदेशांत तो बर्फाच्या रूपाने उभा राहतो. आपल्याकडे, विशेषतः देशावर, तो पावसाचे पाणी, वाहून आलेला गाळ, गच्चीवर साचलेला पालापाचोळा आणि पायऱ्यांवर धरलेले शेवाळ यांच्या रूपाने दर वर्षी येतो. दोन्ही ठिकाणी प्रश्नाची घडण एकच आहे. घर एकाचे असते, राहतो दुसरा. जे साचते त्यात दोघांपैकी कोणाचाच दोष नसतो. परंतु ते वेळीच दूर केले नाही तर छप्पर गळते, भिंत खचते किंवा एखादा माणूस घसरून पडतो. मग प्रश्न विचारला जातो : जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न सामान्यतः कायद्याचा मानला जातो आणि तो तसा आहेही. परंतु कायदा जेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधू लागतो, तेव्हा बहुतेक प्रसंगी तो उभयपक्षी झालेल्या कराराकडे बोट दाखवितो. करार म्हणजे अखेर काही वाक्ये. त्या वाक्यांत कर्ता कोण, क्रियापद कोणते, विभक्तिप्रत्यय कोणता, यांवर एखाद्या कुटुंबाचा पावसाळा कसा जाईल हे अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा एक भाग निःसंशय भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात त्या भागाचा विचार करावयाचा आहे.

२. स्थळ आणि छप्पर

विवेचनासाठी बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे गाव समोर ठेवणे सोयीचे आहे. महाराष्ट्रात वडगावे पुष्कळ असल्यामुळे ‘निंबाळकर’ हे पद येथे केवळ ओळखीसाठी जोडलेले राहिले आहे. नीरा–बारामती रस्त्यावरील हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येते. हा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि त्याच्या पाण्यावर या भागातील ऊस व पुढे साखर कारखानदारी उभी राहिली. कालव्याचे पाणी आले तरी आकाशाचे पाणी वाढले नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरीने सुमारे ५०० मिलिमीटर एवढेच आहे, आणि त्याचा मोठा भाग परतीच्या वाटेवरील पावसाकडून, भाद्रपद-आश्विनात मिळतो.

कमी पावसाच्या अशा प्रदेशात माळवदाची अथवा धाब्याची घरे रूढ झाली, यात आश्चर्य नाही. तुळया, त्यांवर लाकडी काड्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर दाबून बसविलेला मातीचा थर, अशी या छपराची रचना असते. पाणी बाहेर टाकण्यासाठी कडेला पन्हळी बसविलेल्या असतात. हे छप्पर उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण ते वर्षाकाठी निगा मागते. पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवाव्या लागतात, वर नवी माती पसरून चोपावी लागते आणि पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. आज धाब्याच्या जोडीला पत्रा आणि स्लॅब ही दोन छपरे सर्वत्र आली आहेत. पत्र्याला खिळ्याखालचे वायसर बदलणे आणि सांधे डांबराने बुजविणे लागते. स्लॅबला फारसे काही लागत नाही अशी समजूत असते. परंतु गच्चीवरील पाणी जाण्याचे तोंड पाल्याने बुजले की त्याच स्लॅबवर तळे साचते आणि थोड्याच दिवसांत खालच्या खोलीच्या छताला ओल येते.

मोठ्या रस्त्यावरच्या अशा गावांत शिक्षक, शासकीय नोकर, कारखान्याचे कामगार, दुकानदार असे लोक भाड्याने राहतात किंवा भाड्याच्या गाळ्यात व्यवसाय करतात. (शेतजमीन कसणाऱ्याला मराठीत ‘कूळ’ म्हणतात, ‘भाडेकरू’ म्हणत नाहीत, त्याचे हक्क १९४८ च्या कुळकायद्याने ठरतात. येथे केवळ घराच्या भाडेकरूचा विचार आहे.) या भाडेकरूंच्या दृष्टीने माती, वायसर आणि पाण्याचे तोंड या तीन लहान गोष्टी क्षुल्लक नाहीत.

३. तीन प्रश्न, एक शब्द

‘जबाबदारी’ या शब्दाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ अरबी ‘जवाब’, त्याला ‘बाळगणारा’ या अर्थाचा फारसी ‘दार’ हा प्रत्यय, आणि त्यावरून भाववाचक नाम. जबाबदार म्हणजे ज्याने जबाब द्यावयाचा तो. या घडणीप्रमाणे पाहिले तर या शब्दात काम करण्याचा अर्थ मुळात नाही; काम झाले नाही तर विचारणा कोणाला व्हावी, एवढाच अर्थ आहे.

व्यवहारात मात्र ‘जबाबदारी’ या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न एकत्र कोंबले जातात. पहिला, काम कोणी करावे? दुसरा, खर्च कोणी सोसावा? तिसरा, काम न झाल्यास जबाब कोणी द्यावा? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असली पाहिजेत असे नाही. पन्हळ मोकळी करण्याचे काम वर राहणाऱ्या भाडेकरूला सहज करता येते. मातीचा वा मजुरीचा खर्च मालक देऊ शकतो. आणि पन्हळ तुंबून भिंत खचली तर जबाब मालकाला द्यावा लागेल किंवा लागणार नाही, हे आणखी वेगळ्या गोष्टींवर ठरेल. ‘डागडुजीची जबाबदारी भाडेकरूची राहील’ असे लिहिले की हे तीन धागे एकमेकांत गुंततात, आणि ते सोडविण्याचे काम वाद झाल्यावर न्यायालयाकडे जाते.

दोन्ही पक्षांच्या नावांचीही येथे गंमत आहे. ‘भाडेकरू’ या शब्दातील ‘-करू’ हा ‘यात्रेकरू’, ‘होतकरू’ यांतल्याप्रमाणे क्रियेचा सूचक आहे. ‘मालक’ हा अरबी ‘मालिक’ वरून आलेला शब्द स्वामित्वाचा सूचक आहे. एकाच्या नावात करणे आहे, दुसऱ्याच्या नावात असणे आहे. शब्दांच्या घडणीवरून हक्क ठरत नाहीत हे खरे. तथापि ‘राहणाऱ्यानेच करावे’ ही जी सर्वत्र आढळणारी समजूत आहे, ती भाषेच्या या रूढ मांडणीशी जुळती आहे, एवढे म्हणता येईल.

४. वाक्यरचनेतील लपलेला कर्ता

भाड्याच्या व्यवहारातील मराठी दस्तांत निगेविषयीची वाक्ये ठराविक धर्तीची असतात. त्यांचे पुढील पाच नमुने विवेचनासाठी रचून घेतले आहेत.

(अ) घराची डागडुजी मी माझ्या खर्चाने करीन.
(आ) घराची डागडुजी वेळच्या वेळी करावी.
(इ) घराची डागडुजी करण्यात येईल.
(ई) घराची डागडुजी भाडेकरूकडे राहील.
(उ) भाडेकरूने घराची डागडुजी करून घ्यावी.

पहिला नमुना जुन्या भाडेचिठ्ठीच्या वळणाचा आहे. भाडेचिठ्ठी अथवा कबुलायत ही भाडेकरूने मालकास लिहून द्यावयाची असे. तिच्यात लिहून देणारा प्रथमपुरुषी बोलतो. ‘करीन’ या क्रियापदातच कर्ता सामावलेला आहे. ‘मी’ हा शब्द वगळला तरी अर्थ बिघडत नाही. अट कडक असेल, पण तिच्यात संदिग्धता नाही.

दुसऱ्या नमुन्यात स्थिती पालटते. मराठीत ‘-आवे’ प्रत्ययान्त रूप सकर्मक असेल आणि कर्म प्रत्ययरहित असेल, तर क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मालकाने डागडुजी करावी’ आणि ‘भाडेकरूने डागडुजी करावी’ या दोन्ही वाक्यांत ‘करावी’ हे रूप ‘डागडुजी’ या स्त्रीलिंगी कर्माशी जुळते. कर्त्याचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. म्हणून तृतीयान्त कर्ता गाळला की तो कोण होता हे सांगणारी एकही खूण वाक्यात उरत नाही. प्रथमपुरुषी ‘करीन’ मध्ये कर्ता गाळूनही शिल्लक राहतो, ‘करावी’ मध्ये तो पूर्णपणे नाहीसा होतो. भाडेपट्ट्यांतील निम्म्या संदिग्धतेचे मूळ या साध्या व्याकरणिक भेदात शोधता येईल.

तिसरा नमुना शासकीय मराठीने रूढ केलेला आहे. ‘करण्यात येईल’ या रचनेत कर्ता सांगण्याची गरजच मानलेली नाही. कार्यालयीन पत्रात ती चालते, कारण तेथे करणारे कार्यालय पत्राच्या माथ्यावर छापलेले असते. दोन पक्षांच्या करारात तसा आधार नसतो. तेथे ही रचना आश्वासनासारखी भासते, पण ते कोणीच कोणाला दिलेले नसते.

चौथ्या नमुन्यात क्रिया सांगितलेली नाही. स्थान सांगितले आहे. ‘-कडे राहील’ म्हटल्याने डागडुजी ही जणू एखादी वस्तू असून ती भाडेकरूच्या ताब्यात ठेवली आहे, असे चित्र उभे राहते. ‘-वर राहील’ म्हटले असते तर ओझे सूचित झाले असते. दोन्ही प्रयोगांत खर्चाविषयी वा न केल्याच्या परिणामाविषयी शब्द नाही.

पाचवा नमुना सर्वांत फसवा आहे. ‘करून घेणे’ या संयुक्त क्रियापदाचे मराठीत निदान दोन अर्थ होतात. एक, स्वतःसाठी करणे. दुसरा, दुसऱ्याकडून करविणे. ‘भाडेकरूने डागडुजी करून घ्यावी’ याचा एक अर्थ असा की त्याने ती आपली आपण उरकावी. दुसरा अर्थ असा की त्याने मागे लागून ती मालकाकडून करवून घ्यावी. पहिल्या अर्थाने काम व खर्च भाडेकरूचा. दुसऱ्या अर्थाने दोन्ही मालकाचे, आणि भाडेकरूकडे केवळ मागणी करण्याचे काम. एकाच वाक्यावर बोट ठेवून दोन्ही पक्ष प्रामाणिकपणे आपलेच खरे म्हणू शकतात. याउलट ‘मालकाने डागडुजी करून द्यावी’ या वाक्यात ‘देणे’ हे सहायक क्रियापद फळ दुसऱ्याकडे जाते असे सांगते, म्हणून तेथे अशी फाटाफूट होत नाही.

यात आणखी एक भर पडते. दस्तांत पक्षकारांचा उल्लेख ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ असा करण्याची पद्धत आहे. कबुलायतीत लिहून देणार हा भाडेकरू असतो, तर पट्ट्यात तो मालक असतो. एका दस्ताचा मजकूर उचलून दुसऱ्यात घातला आणि ही पदे तपासली नाहीत, तर निगेचे ओझे एका ओळीत एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

५. मौनाचा अर्थ

करारातील वाक्य संदिग्ध असेल, किंवा निगेविषयी करार मुळीच बोलत नसेल, तर कायदा त्या मौनाचा काय अर्थ लावतो? येथे दोन कायदे परस्परांहून भिन्न दिशांनी चालतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये पट्टा देणारा व पट्टा घेणारा यांचे परस्परांविषयीचे हक्क व कर्तव्ये सांगितली आहेत. घर ज्या स्थितीत ताब्यात मिळाले त्या स्थितीत राखणे आणि परत देणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. वाजवी वापराने झालेली झीज आणि अनिवार्य शक्तीने झालेले बदल यांतून वगळले आहेत. मालकाला ज्ञात असलेला, पण भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष मालकाने सांगितला पाहिजे. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळाल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद आहे. परंतु ‘बांधलेला आहे’ या अटीकडे लक्ष दिले पाहिजे. मालक दुरुस्तीस सर्वसाधारणपणे बांधलेला आहे असे हे कलम कोठेही म्हणत नाही. तो बांधला जातो तो कराराने किंवा रूढीने. म्हणजे या कायद्याखाली मौनाचा लाभ मालकाला मिळतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याचे कलम १४ उलट बाजूने आरंभ करते. भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसेल, तर घर चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे प्रत्येक मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, सूचना द्यावी. निदान पंधरा दिवसांची वाजवी मुदत जाऊ द्यावी. आणि मग दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात अशी वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. उदाहरणार्थ, महिना ३,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे ३६,००० आणि वळती करण्याची मर्यादा ९,००० रुपये. पत्र्याचे वायसर बदलण्यास ही रक्कम पुरेशी ठरेल. नवे छप्पर घालण्यास ठरणार नाही.

१९९९ चा हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना आणि शासनाने ज्यांना तो लागू केला त्या क्षेत्रांना लागू होतो. जी गावे त्यांत येत नाहीत तेथे १८८२ च्या कायद्याकडे वळावे लागते. परिणामी एकच कर्तृहीन वाक्य, ‘डागडुजी वेळच्या वेळी करावी’, अनुसूचीतील शहरात मालकाला बांधील, कारण तेथे ते भाडेकरूने केलेला ‘विरुद्ध करार’ म्हणून सिद्ध होणे कठीण. आणि अनुसूचीबाहेरच्या खेड्यात तेच वाक्य मालकाला सहज मोकळे सोडील, कारण तेथे त्याला बांधणारे स्पष्ट शब्द लागतात. वाक्य बदललेले नाही. बदलली आहे ती मौन वाचण्याची रीत.

‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावाने आज जे करार होतात, त्यांत राहणारा हा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. म्हणून कलम १४ चा आधार त्याला आपोआप मिळेल असे धरून चालता येत नाही, आणि कराराच्या शब्दांचे महत्त्व तेथे अधिकच वाढते. याच अधिनियमाच्या कलम ५५ ने भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले असून नोंदणीचे दायित्व मालकावर ठेवले आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी शब्दाला कायद्याने असे वजन द्यावे, ही भाषाभ्यासकाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे.

६. रूढी, मृग आणि अस्मानी

१८८२ च्या कायद्यातील कलम १०८ च्या आरंभी एक महत्त्वाचा शब्दप्रयोग आहे. विरुद्ध करार नसेल किंवा विरुद्ध ‘स्थानिक रूढी’ नसेल तरच पुढील नियम लागू व्हावेत, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे गावची रीत ही कायद्याच्या बाहेरची गोष्ट नाही. कायद्याने तिला दारात उभे केले आहे.

परंतु रूढी सिद्ध करावयाची तर ती पुरेशी निश्चित असावी लागते. धाब्याच्या घराविषयीची रूढी काम कोणते आणि केव्हा हे नेमके सांगते : माती, पन्हळ, भेगा, आणि मृगापूर्वी. मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेस लागते, आणि ‘मृगापूर्वी’ हा शब्द देशावरच्या बोलण्यात एखाद्या तारखेइतका पक्का आहे. कोणी करावयाचे, हे मात्र रूढी तितक्याच स्पष्टपणे सांगेल असे नाही. कारण धाब्याची निगा ही मुळात स्वतःच्या घरात राहणाऱ्याची रीत होती. मालक आणि राहणारा एकच असताना कर्ता सांगण्याचे कारण नव्हते. घर भाड्याने गेले तेव्हा काम व वेळ यांची रूढी त्याबरोबर गेली. कर्त्याची जागा रिकामी राहिली. करारातील कर्तृहीन वाक्य हे या रिकाम्या जागेचेच लेखी रूप होय.

रूढीतील काळही आता पूर्वीइतका विश्वसनीय राहिलेला नाही. २०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या अखेरच्या आठवड्यातच महाराष्ट्रात पोहोचला. त्याच सुमारास बारामती-इंदापूर भागात अतिवृष्टी झाली आणि नीरा डावा कालवा फुटला. ‘मृगापूर्वी डागडुजी करावी’ असे ज्याने मान्य केले होते, त्याच्या हाती पंचांगाप्रमाणे अजून सुमारे दोन आठवडे होते. पाऊस मात्र येऊन गेला होता. अशा प्रसंगी कर्तव्य चुकले असे म्हणावयाचे काय? शब्दशः पाहिले तर नाही. वाक्याचा हेतू पाहिला तर ‘मृगापूर्वी’ म्हणजे ‘पावसापूर्वी’ हाच अर्थ अभिप्रेत होता. भाषेत एक शब्द दीर्घकाळ दुसऱ्याची जागा घेत असला, की दोहोंतील भेद कोणाच्या ध्यानात राहत नाही. निसर्गाने तो भेद उघड केला म्हणजे मग वाद उत्पन्न होतो.

अतिवृष्टीच्या हानीस कोण उत्तरदायी, याविषयी आपल्या भाषेत एक जुनी आणि नेमकी जोडी आहे : अस्मानी आणि सुलतानी. जुन्या महसुली व्यवहारात आकाशातून आलेले संकट आणि राज्यसत्तेमुळे वा लष्करामुळे आलेले संकट, अशा दोन्ही प्रसंगी सूट मागण्याची ही भाषा होती. कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर हे एकीकडे आणि सैन्याचा वा जमावाचा उपद्रव हा दुसरीकडे, असाच क्रम आढळतो; त्यामुळे घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाल्यास पट्टा रद्द समजण्याचा विकल्प भाडेकरूला दिला आहे. परंतु जी हानी त्याच्याच गैरकृत्याने वा कसुरीने झाली, तिच्यासाठी हा विकल्प नाही. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाऊस अस्मानी असतो. तुंबलेली पन्हळ अस्मानी नसते. दोहोंमधील रेषा कोठे काढावयाची, हे पन्हळ मोकळी करणे कोणाचे काम होते यावर ठरते, आणि आपण पुन्हा त्याच वाक्याशी येऊन पोहोचतो.

७. हिमप्रदेशांतील अनुभव

ज्या देशांत बर्फ पडतो तेथील विचार या ठिकाणी उपयोगी पडतो, कारण बर्फ दूर करणे ही दुरुस्ती नाही. बर्फाने काही मोडलेले नसते. काहीतरी साचलेले असते. पायरीवरचे शेवाळ आणि गच्चीवरचा पाला हेही तसेच आहेत. आपले कायदे मुख्यत्वे दुरुस्तीची भाषा बोलतात. साचलेले दूर करणे त्या भाषेत नीट बसत नाही.

जर्मनीत पदपथावरील बर्फ दूर करण्याचे कर्तव्य स्थानिक नियमांनी सामान्यतः लगतच्या मालमत्तेच्या मालकावर ठेवलेले असते. करारात स्पष्ट लिहून मालकाला ते काम भाडेकरूंकडे सोपविता येते. परंतु ते होते की नाही यावर देखरेख ठेवण्याचे कर्तव्य त्याच्याकडे राहते. काम गेले तरी जबाब पूर्णपणे जात नाही.

कॅनडातील ऑंटारियो प्रांतात, जेथे टोरांटोच्या परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात, भाड्याच्या घराच्या सामाईक बाह्य भागांतील धोकादायक बर्फ दूर करण्याचे कर्तव्य नियमांनी मालकावर ठेवले आहे. तेथील अपील न्यायालयापुढे २००९ साली एक प्रकरण आले. तळघरातील बिऱ्हाडात राहणारी एक भाडेकरू बाहेरच्या वाटेवरील बर्फावरून घसरून जखमी झाली होती. वाट साफ ठेवणे व बर्फ काढणे हे भाडेकरूंचे काम, असे भाडेपट्ट्यात लिहिलेले होते, म्हणून आपण उत्तरदायी नाही, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कायद्याने मालकावर ठेवलेले कर्तव्य भाडेपट्ट्यातील एका कलमाने भाडेकरूवर ढकलता येत नाही. भाडेकरूने बर्फ काढण्याचे काम पत्करणे शक्य आहे. परंतु ते भाडेपट्ट्याहून वेगळा ओळखता येईल अशा, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या सेवेच्या कराराने. आणि तसे झाले तरी कायद्यातील दर्जा राखला जातो की नाही, याचा जबाब मालकाकडेच राहतो.

या निर्णयाचे तत्त्व भाषिक परिभाषेत मांडावयाचे तर असे म्हणता येईल की न्यायालयाने ‘करणे’ आणि ‘करविणे’ यांत भेद केला. करणारा बदलता येतो. करविणारा बदलत नाही. मराठीला हा भेद प्रयोजक क्रियापदांमुळे अतिशय सहज आहे. आपले भाडेपट्टे मात्र त्याचा उपयोग करीत नाहीत.

भारतात केंद्र शासनाने २०२१ साली राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरार कायदा तयार केला, त्याच्या एका अनुसूचीत कामांची वाटणी नावनिशीवार दिली आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींना रंगसफेदी, नळ व वीजवाहिन्या बदलणे ही कामे मालकाकडे. गटार साफ करणे, विजेची बटणे, खिडक्यांच्या काचा, वापरात असलेली मोकळी जागा व बाग ही कामे भाडेकरूकडे. राज्याने आपला कायदा केल्यावाचून तो बंधनकारक होत नाही. तरीही ‘डागडुजी’सारख्या व्यापक शब्दाऐवजी वस्तूंची नावे घेण्याची त्याची पद्धत अनुकरणीय आहे. मात्र नावांच्या यादीचाही एक दोष असतो : जे नाव तिच्यात नाही ते पुन्हा मौनात जाते. गच्चीवरचे पाण्याचे तोंड हे ‘गटार’ की ‘रचना’, या प्रश्नाचे उत्तर ती यादी देत नाही.

८. वाक्य कसे असावे

वरील विवेचनावरून निगेच्या अटीत पाच जागा भरलेल्या असाव्यात असे दिसते : काम कोणते, करणारा कोण, खर्च कोणाचा, केव्हापर्यंत, आणि न झाल्यास जबाब कोणाचा. नमुन्यादाखल पुढील मजकूर विचारात घेता येईल :

‘गच्चीवरील पाण्याची तोंडे व पन्हळी भाडेकरूने दर पंधरा दिवसांनी, आणि पाऊस लागण्याचा अंदाज जाहीर होताच, स्वतः साफ कराव्यात. छपराची गळती, पत्र्याचे सांधे व धाब्याची माती यांचे काम मालकाने स्वतःच्या खर्चाने करवावे. भाडेकरूने गळती कळविल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने काम न करविल्यास भाडेकरूने ते करवावे व त्याचा खर्च भाड्यातून वळता करावा. सामाईक जिन्यावरील शेवाळ भाडेकरूंनी पाळीपाळीने काढावे. पाळी पाळली जाते की नाही हे मालकाने पाहावे, व त्याचा जबाब मालकाकडे राहील.’

या मजकुरात अलंकार नाही आणि कायद्याची अवघड परिभाषाही नाही. प्रत्येक ‘-आवे’ रूपाला तृतीयान्त कर्ता दिलेला आहे. ‘करून घ्यावे’ हा दुहेरी प्रयोग टाळून ‘करवावे’ हे प्रयोजक रूप वापरले आहे. ‘मृगापूर्वी’ ऐवजी पावसाच्या अंदाजाशी मुदत जोडली आहे. आणि ‘जबाब’ हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने आला आहे. वाक्ये लांबली, हा त्याचा तोटा मानावयाचा नाही. भाडेपट्टा हा संक्षेपासाठी लिहिला जात नाही.

व्याकरण घर गळण्यापासून वाचवू शकत नाही, हे उघड आहे. माती मातीच्याच ठिकाणी टाकावी लागते. परंतु गळतीनंतर जो दुसरा त्रास सुरू होतो, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखविण्याचा, त्याचा बराचसा भाग वाक्यात कर्ता घातल्याने टळू शकतो. दस्तलेखनाची मराठी हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय मानला जावा. बोलींचे आणि वाङ्मयाचे जसे संकलन होते, तसे गावोगावच्या भाडेचिठ्ठ्या, कबुलायती व करारनामे यांच्या भाषेचे, पक्षकारांची नावे वगळून, संकलन व वर्गीकरण झाले, तर कर्तृहीन रचना केव्हा शिरली, कोणत्या छापील नमुन्यांबरोबर पसरली आणि कोणत्या वादांना कारण झाली, हे पाहता येईल. वडगाव निंबाळकरसारख्या गावात, जेथे धाबे, पत्रा आणि स्लॅब ही तिन्ही छपरे विचारात घ्यावी लागतात, अशा अभ्यासाचा आरंभ करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे.